प्रतिक्रियेला उत्तर: हाताने घासलेला पंख उचलेल का?

नमस्कार. घरी हायड्रोफॉइल, म्हणजे फळीखाली बसवून पाण्यातून वेगाने जाताना फळीला आणि तिच्यावरच्या माणसाला वर उचलणारा पंख, कसा बनवायचा हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की सपाट तळाचा, हाताने घासलेला प्लायचा पंख माणसाला पाण्याबाहेर उचलणारच नाही. छेद (पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार) सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, अचूक कापला नाही तर सगळी मेहनत वाया, आणि मी वाचकांना भलत्या नादाला लावतोय.

आधी उचलण्याचं बघू. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट, म्हणून छोटा पंखही पुरतो. माणूस आणि फळी मिळून 90 किलो धरा, पंखाचं क्षेत्रफळ 1200 चौरस सेंटिमीटर. सेकंदाला 4 मीटर वेगाला उचल-गुणांक (त्याच वेगाला, तेवढ्याच क्षेत्रफळातून पंख किती उचल काढतो ते सांगणारा आकडा) लागतो 0.9 च्या आसपास. हे ताणूनच झालं, पण पुढची कड नीट गोल असेल तर मिळतं. वेग 6 मीटरवर गेला की 0.4 सुद्धा पुरे.

सपाट तळाला नावं ठेवू नका. 1922 चा ‘क्लार्क वाय’ हा विमानाच्या पंखाचा छेद पुढच्या कडेचा सुमारे तीस टक्के भाग सोडला तर खालून सपाटच आहे, आणि 1927 मध्ये अमेरिकी वैमानिक लिंडबर्ग त्याच छेदाच्या पंखांवर अटलांटिक ओलांडून गेला. शिवाय असा पंख टेबलावर सरळ बसतो, त्यामुळे पीळ लगेच कळतो.

खरी काळजी त्या पिळाचीच करावी. एका बाजूला एक अंश पीळ राहिला तर पाण्याबाहेर येताना त्या बाजूची उचल सुमारे दहा टक्क्यांनी बदलते आणि फळी सतत एकीकडे कलते. छेदातली अर्ध्या मिलिमीटरची चूक बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. इथे प्लाय फार कामाला येतो: रंधा मारत गेलं की थरांमधल्या डिंकाच्या रेषा नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उघड्या पडतात. डाव्या-उजव्या रेषा जुळल्या की दोन्ही बाजू जुळल्या. सीएनसीवाल्यांना ही गंमत मिळत नाही, बिचारे.

मजबुतीवर मात्र तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, याचं नवल वाटलं. 90 सेंटिमीटर लांब, 16 मिलिमीटर जाड पंखाच्या मध्यावर नुसत्या प्लायला फार ताण पडतो. लाटेवर आपटला तर कडकन मोडेल. वरून-खालून फायबरग्लास हवंच, धागे पंखाच्या लांबीच्या दिशेने, आणि बोल्टच्या भोकांत इपॉक्सी भरून मग पुन्हा छिद्र पाडायचं. लाकडात पाणी शिरलं की संपलं.

मागची कड किती पातळ, हेही तुम्ही विचारलंय. एक-दीड मिलिमीटर ठेवा. जाड, बोथट राहिली तर वेगात पंख गुणगुणतो. सुरीसारखी केलीत तर पडल्यावर मांडी कापेल.