मालकाचं उत्तर: ‘चुकीचं जॉइंटर गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा दिलात आणि खाली चार तक्रारी लिहिल्यात: फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडतो, एकाच फळीची जाडी दोन टोकांना वेगळी येते, दुकानात फोन उचलत नाहीत, आणि ‘मला आठ इंची घ्यायचं होतं, यांनी सहा इंची गळ्यात मारलं’. हौसेनं घेतलेल्या जॉइंटरवर, म्हणजे फळीची एक बाजू सपाट आणि कड सरळ करणाऱ्या रंध्याच्या मशीनवर, पहिल्याच कामात मनस्ताप झाला, याचं वाईट वाटतं. फोन लागला नाही त्याबद्दल माफ करा. दुकानात माणसं मोजकी आहेत आणि मशीन चालू असलं की रिंग ऐकू येत नाही. त्यावर काहीतरी सोय करतोच आहोत.

पण ‘गळ्यात मारलं’ हे फार लागलं. उद्या कुणी नवा माणूस जॉइंटर शोधताना हे वाचेल आणि दुकानाची पायरी न चढताच परत जाईल. म्हणून या एका मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

मशीन दाखवण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो की सर्वांत रुंद फळी किती, सर्वांत लांब किती, खोलीत जागा किती आणि विजेची जोडणी कसली आहे. तुम्हालाही विचारलं होतं. घरातल्या एका खोलीत छंद म्हणून काम करायचं आहे, असं तुम्ही म्हणालात. छोटी टेबलं, पेट्या, कपाटाच्या दारांच्या चौकटी. फळ्या चार-पाच इंच रुंद, लांबी चार फुटांच्या आत. खोलीत साधा प्लग आणि मशीन भिंतीला लागून. या उत्तरांवर मी सहा इंची सुचवलं. आजही याच उत्तरांवर तेच सुचवीन.

सहा इंच किंवा आठ इंच हा आकडा पात्यांच्या रुंदीचा असतो. फळी आडवी ठेवून तिचा चेहरा, म्हणजे रुंद बाजू, रंधायचा असेल तेवढ्यापुरती ती मर्यादा. कड सरळ करायची असेल तर फळी उभी धरून फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला, टेकवतात, तिथे बारा इंची फळीसुद्धा सहा इंचीवर चालते. चौकटीच्या पट्ट्या दोन-तीन इंचांच्या असतात. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या कामात सहा इंच कुठे कमी पडत होते?

आता फोटोत दिसणाऱ्या फळ्या दहा इंची आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. त्या तुम्ही मशीन नेल्यानंतर आणल्यात. लाकूड चांगलं मिळालं तर कुणीही घेईल, त्यात तुमची चूक काहीच नाही. पण सर, दहा इंची फळी आठ इंची जॉइंटरवरही बसत नाही! मी आठ इंची दिलं असतं तरी याच फळ्यांपाशी तुम्ही अडला असता. आणि ते विकलं असतं तर माझ्या हातात जास्त पडलं असतं, हेही एकदा लक्षात घ्या. कमी फायद्याचं मशीन मी कुणाच्या गळ्यात का मारीन?

आठ इंचीला मी नको का म्हणालो, तेही परत सांगतो. त्याचं वजन बरंच जास्त, टेबल लांब, मोटर साधारण दोन हॉर्सपॉवरची, आणि तिच्यासाठी वेगळी वायर ओढावी लागली असती. लांब पातळ एक्स्टेन्शनवर अशी मोटर चालवली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि नाव मशीनचं खराब होतं. शिवाय जागा फक्त मशीनपुरती धरून भागत नाही. चार फुटी फळीला पात्यांच्या अलीकडे चार फूट आणि पलीकडे चार फूट मोकळं लागतं. तुमच्या खोलीचा नकाशा काउंटरवरच्या कागदावर काढून आपण दोघांनी मिळून हे मोजलं होतं.

खरं तर घरच्या कामाला रुंदीपेक्षा टेबलाची लांबी आधी बघावी, असं माझं मत आहे. टेबल जितकं लांब तितका फळीला आधार जास्त, आणि कड सरळ येणं त्यावरच ठरतं. टेबलाच्या एकूण लांबीच्या दुपटीपर्यंतची फळी नीट हाताळता येते, असा कारागिरांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणूनच टेबलावर ठेवायचं ते छोटं ॲल्युमिनियमचं मशीन तुम्ही पसंत करत होतात, तेव्हा मीच थांबवलं होतं. त्याचं टेबल आखूड, मोटर ब्रशची, आवाज कानठळ्या बसवणारा. त्याऐवजी बीडाचं लांब टेबल आणि इंडक्शन मोटर असलेलं हे मशीन दिलं.

‘स्पायरल कटर असता तर हा त्रास झाला नसता’ असंही तुम्ही लिहिलंय. त्या कटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या रुळावर, लांब पात्यांऐवजी कार्बाइडचे चौकोनी तुकडे असतात, एक धार बोथट झाली की तुकडा फिरवून दुसरी वापरायची, अशा चार धारा मिळतात. आवाज कमी आणि उलटसुलट रेषेच्या लाकडात चिरफळ्याही कमी निघतात. पण टोकाचा खड्डा त्यानं जात नाही.

आता त्या खड्ड्याबद्दल. तुमच्या फोटोत तो फळीच्या मागच्या टोकाला, शेवटच्या दोनेक इंचांत आहे आणि बाकी फळी साफ आहे. असा खड्डा दिसला की पहिला संशय आउटफीड टेबलावर, म्हणजे पात्यांच्या पलीकडच्या टेबलावर घ्यायचा. ते पात्यांच्या सर्वांत वरच्या बिंदूपेक्षा केसभर खाली असलं की फळीचं शेपूट इनफीडवरून, म्हणजे अलीकडच्या टेबलावरून, सुटताच पात्यांवर खाली बसतं आणि तिथे जास्त लाकूड जातं. टेबल जास्त वर असेल तर उलट होतं, फळी टेबलाच्या कडेला अडकते किंवा निमुळती रंधली जाते. दुरुस्ती घरच्या घरी होते. आधी प्लग काढा. आउटफीडवर सरळ पट्टी अशी ठेवा की ती पात्यांवर पुढे येईल. कटर हातानं फिरवा, बोटं धारेपासून लांब ठेवून. पातं पट्टीला चाटून जायला हवं, पट्टी उचलायला नको आणि खाली फटही नको. तिन्ही पाती दोन्ही बाजूंना बघा, मग टेबल त्या उंचीला आणून कुलूप घट्ट करा. एक फालतू फळी घालून बघा, आणि दर फेरीला मिलिमीटरभरच लाकूड काढा.

दुकानातून निघताना हे सगळं जुळवून, फळी चालवून तुम्हाला दाखवलं होतं. मग बिघडलं कुठे? तुमच्याच अभिप्रायात आहे की मित्रांनी ‘दोन्ही टोकांना धरून’ मशीन जिन्यानं वर चढवलं. मित्रांचं कौतुक आहे, एवढं वजन उचलणं सोपं नाही. पण जॉइंटर टेबलांच्या टोकांना धरून उचलायचं नसतं. खालच्या सांगाड्याला धरायचं. टेबलांवर भार आला की ती हलू शकतात, दोन्ही टेबलं एका पातळीत राहत नाहीत आणि मग कड कमानदार येते. नेणाऱ्या गाडीवाल्यालाही मी हे बजावलं होतं, त्या वेळी तुम्ही शेजारीच उभे होतात. हे बोट दाखवायला म्हणून लिहीत नाही, पण दोष मशीनच्या घडणीवर ढकलला गेला म्हणून लिहावं लागतंय. आउटफीडची उंची जुळवूनही कड सरळ आली नाही, तर लांब पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन दोन्ही टेबलं तपासावी लागतील. त्याला मी स्वतः येईन.

जाडी वेगवेगळी येते, तो तर दोषच नाही. जॉइंटर एक चेहरा सपाट करतं आणि त्याला काटकोनात एक कड. समोरचा चेहरा समांतर करणं त्याला जमत नाही, कारण ते फळीच्या खालच्या बाजूचाच आधार घेऊन रंधतं. त्यासाठी थिकनेसर, म्हणजे फळीची जाडी सगळीकडे सारखी करणारं वेगळं मशीन, लागतो. आपलं हेही बोलणं झालं होतं, आणि थिकनेसर नंतर घेऊ असं तुम्हीच म्हणाला होतात.

तो आला की तुमच्या दहा इंची फळ्यांचाही मार्ग निघतो. सपाट प्लायच्या पाटावर फळी ठेवायची, पीळ असेल तिथे खाली पाचरी सारून ती डुगडुगणार नाही असं करायचं, आणि पाटासकट थिकनेसरमधून काढायची. वरचा चेहरा सपाट झाला की फळी उलटी करून पाटाशिवाय काढायची. तोवर थांबायचं नसेल तर फळी मधून चिरा, दोन्ही अर्धे सहा इंचीवर रंधा आणि परत चिकटवा. रेषा जुळवून चिकटवलं तर जोड शोधावा लागतो.

शेवटचं एक, सांगणार नव्हतो पण राहवत नाही. फोन लागला नाही म्हणून तुम्ही दुकानात आलात, तेव्हा मी बाहेर होतो. काउंटरवरच्या मुलाला तुम्ही गिऱ्हाइकांसमोर जे बोललात, ते त्याच्या वाट्याचं नव्हतं. मशीन मी दिलं, सल्ला माझा होता. मला बोला, मी ऐकून घेईन. त्याला नको.

जुळवणीची माहिती सोप्या भाषेत छापून पेटीत घालायचा विचार चालू आहे, उचलण्याच्या खुणाही मशीनवर लावू. तुमच्या घरी येऊन जुळवणी करून द्यायची तयारी आहे, त्याचे काही घेणार नाही. सोयीची वेळ कळवा. मशीन नीट चाललं तर अभिप्राय पुन्हा एकदा बघावा, एवढी विनंती आहे.

आपला,
दुकानाचा मालक

ता. क.: तिसऱ्या फोटोत पात्यांवरचा गार्ड काढलेला दिसतोय आणि शेजारी वीतभर लांबीचा तुकडा आहे. गार्ड आजच बसवा, माझ्या येण्याची वाट बघू नका. फूटभरापेक्षा आखूड तुकडा जॉइंटरवर चालवू नका, लांब फळी रंधून मग तुकडे पाडा. चेहरा रंधताना हात थेट फळीवर ठेवू नका, ढकलायचे दोन्ही ठोकळे पेटीच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली आहेत.