फिट, गोळ्या आणि झोपेतला मृत्यू: फिरत्या मजकुराला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर, मग तो भिशीचा असो, सोसायटीचा असो की गणपती मंडळाचा, एक मजकूर सध्या फिरतो आहे. त्याचा आशय असा: मिरगीचा तरुण पेशंट रात्री जेवून झोपतो आणि सकाळी उठत नाही, कारण वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी त्याचं हृदय पोखरलेलं असतं, नाहीतर फिटमध्ये त्याची जीभ गिळली जाते. म्हणून फिट आली की दातांत चमचा घाला, कांदा किंवा चप्पल हुंगवा. दोन वर्षं फिट आली नाही की गोळ्या सोडा आणि ब्राह्मी सुरू करा. झोपेतली फिट किरकोळ असते. आणि यातलं काही पेशंटला सांगू नका, तो घाबरेल.

यातली एकच गोष्ट पूर्ण खरी आहे: असे मृत्यू होतात. वैद्यकात त्याला सुडेप म्हणतात, म्हणजे अपस्मार (मिरगी) असलेल्या माणसाचा अचानक, अनपेक्षित मृत्यू. बुडून, पडून, मार लागून आलेला मृत्यू यात धरत नाहीत. अर्धा तास न थांबलेल्या फिटमुळे आलेलाही नाही. शवविच्छेदनात विष किंवा दुसरं ठोस कारण सापडलं नाही, तरच हे नाव देतात. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांमध्ये दर वर्षी साधारण 1000 पेशंटमागे 1 आणि मुलांमध्ये 4500 मागे 1 असं हे प्रमाण आहे. हा सरासरीचा आकडा झाला. कुणाचा धोका याहून कितीतरी कमी असतो, कुणाचा कितीतरी जास्त, आणि तो कशानं वाढतो हे बऱ्यापैकी माहीत आहे. नेमका तोच भाग मजकुरात उलटा लिहिलाय.

आधी गोळ्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं. फिट आटोक्यात नसलेल्या पेशंटच्या चालू औषधांत एक नवं औषध वाढवून बघण्याच्या चाचण्या असतात. त्यात काहींना खरं औषध देतात, काहींना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी. अशा 112 चाचण्यांतले 21,000 हून जास्त पेशंट एकत्र करून 2011 मध्ये हिशेब मांडला गेला. पुरेशा डोसमध्ये खरं औषध मिळालेल्यांत सुडेपचं प्रमाण वर्षाला 1000 मागे 0.9 होतं. नुसत्या गोळीवाल्यांत 6.9. गोळीनं हृदय पोखरलं असतं, तर हे आकडे उलटे आले असते.

मजकुरातल्या या भीतीला एक छोटासा आधार आहे, तोही सांगून टाकावा. लॅमोट्रिजीन या फिटवरच्या गोळीबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं 2021 मध्ये इशारा दिला, की ज्यांच्या हृदयात आधीच दोष आहे त्यांच्यात या औषधानं ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून हृदयविकार असेल तर डॉक्टरांना तो सांगायचा आणि ईसीजी काढून घ्यायचा. ड्रॅव्हे सिंड्रोम नावाच्या जनुकीय आजारात कार्बामाझेपीन, फेनिटॉइनसारख्या गोळ्यांनी फिट उलट वाढतात, म्हणून तिथं त्या टाळतात. कुठली गोळी कुणाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यावरून ‘गोळ्याच नकोत’ असं उत्तर निघत नाही.

मग मृत्यू येतो कशानं? पेशंटला ईईजी (मेंदूतल्या लहरींची नोंद) आणि व्हिडिओखाली ठेवतात अशा बऱ्याच देशांतल्या युनिटमधल्या घटना गोळा करून 2013 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय-श्वास थांबल्याच्या 29 घटना होत्या. त्यांतले 16 मृत्यू सुडेपचे, आणि त्या 16 पैकी 14 रात्रीचे. ज्यांच्या नोंदी पुरेशा होत्या त्यांत क्रम सारखाच दिसला. आधी सगळं अंग आखडून झटके देणारी मोठी फिट. ती थांबल्यावर श्वास जोरजोरात, मिनिटाला 18 ते 50. मग तीन मिनिटांच्या आत श्वास आणि हृदय दोन्ही डळमळतात. काहींचं सावरल्यासारखं होऊन पुन्हा ढासळतं. आधी श्वास कायमचा थांबतो, हृदय त्याच्यामागून. म्हणजे ‘झोपेत हार्ट अटॅक आला’ असं घरचे म्हणतात तेव्हा बहुधा हृदय शेवटी थांबलेलं असतं. फिटनंतर मेंदू काही वेळ जणू विझलेला असतो, श्वास चालवणारं मेंदूखोडातलं केंद्रही मंदावतं. तोंड उशीत दबलं की निरोगी माणूस झोपेतही मान वळवतो. या माणसाला ती जाणीवच होत नाही. सुडेपमध्ये बहुतेक जण पालथे सापडतात, ते यामुळेच.

म्हणूनच ‘झोपेतली फिट किरकोळ’ हेही त्या मजकुरातलं तितकंच घातक वाक्य आहे. स्वीडनमधल्या 2020 च्या अभ्यासानुसार, वर्षभरात अशी मोठी फिट येऊन गेलेल्यांचा धोका ती न आलेल्यांच्या सुमारे 27 पट असतो. मोठी फिट येते आणि खोलीत दुसरं कुणी झोपत नाही, अशांचा सुमारे 67 पट, तोही मोठी फिट येत नाही आणि खोलीत सोबत आहे अशांच्या तुलनेत. उलट फक्त क्षणभर हरवल्यासारखं होणं, एक हात थरथरणं एवढीच लक्षणं असलेल्यांत वाढीव धोका आढळला नाही. डॉक्टरांपुढे ‘फिट येतात’ एवढंच सांगून भागत नाही, ते यासाठी. मोठ्या किती, झोपेत किती, कुठल्या तारखेला, हे कॅलेंडरवर लिहून न्या. सकाळी अंथरूण ओलं, जिभेची कड चावलेली, अंग ठणकतंय, डोकं जड, अशी खूण दिसली तर ती रात्रीची फिट समजून तीही लिहा.

इंदुरात याची काळजी सगळ्यात जास्त भंवरकुवाच्या कोचिंगवाल्या पोरांची करायला हवी. पीजीत एकेकटी खोली, आतून कडी, रात्री तीनपर्यंत जागरण, मेसचं जेवण चुकलं की गोळीही चुकली. घरच्यांना वाटतं, मुलगा मोठा झाला, घेतो आपली आपण. अशा पोराला सोबती असलेली खोली बघून द्या, आणि त्या सोबत्याला काय करायचं ते शिकवा. घरी असेल तर दाराला कडी नको, आई-वडिलांच्या खोलीचं दार उघडं राहू दे, किंवा तान्ह्या बाळासाठी मिळतो तसा आवाज पोचवणारा मॉनिटर लावा. ‘गुदमरू न देणारी उशी’ म्हणून जे विकलं जातं त्यानं जीव वाचतो असा पुरावा नाही. ते पैसे गोळ्यांना ठेवा.

जिभेबद्दल थोडक्यात. ती खालून पडद्यानं जखडलेली असते, गिळता येत नाही. चमच्यानं दात तुटतात, तुकडा श्वासनळीत जातो, घालणाऱ्याचं बोट चावलं जातं. बेशुद्ध माणूस उताणा असेल तर जीभ मागे पडून घसा अडतो हे मात्र खरं, पण त्यावर उपाय कुशीवर वळवणं हा आहे. कांदा-चप्पल का ‘लागू पडते’? कारण बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि कांदा फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

खरं करायचं ते असं. घड्याळ बघा. डोक्याखाली घडी केलेलं उपरणं, टॉवेल, काहीही द्या, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा, तोंड किंचित जमिनीकडे. पालथा असेल तर आधी तो वळवा. आणि इथंच सगळे चुकतात: फिट थांबली, झोपला, म्हणून चादर घालून निघून जातात. थांबा. पुढची निदान पंधरा मिनिटं जवळ बसा, नावानं हाका मारा, खांदा हलवा, छाती वरखाली होते का ते बघा. दहा सेकंदांत नीट श्वास दिसला नाही, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा आला, तर 108 लावून फोन स्पीकरवर ठेवा, उताणं करून छातीच्या मधोमध दाबायला लागा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. त्या 2013 च्या अभ्यासात जे नऊ जण मरता मरता परतले, त्यांना तीन मिनिटांच्या आत हे मिळालं होतं.

फिट पाच मिनिटं उलटूनही चालू राहिली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तरी 108. डॉक्टरांनी फिट थांबवणाऱ्या मिडॅझोलमचा नाकातला फवारा लिहून दिला असेल तर तो आता मारायचा. इथं हमखास गोंधळ होतो तो बाटलीवरून. काही बाटल्यांत एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम असतं, काहींत 1.25. किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या हिशेबानं 15 किलोच्या मुलाला 3 मिलिग्रॅम लागतं. 0.5 च्या बाटलीतून ते सहा फवारे होतात, प्रत्येक नाकपुडीत तीन. तेच सहा 1.25 च्या बाटलीतून मारले तर डोस अडीच पट होतो आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून दवा बाजारातून नवी बाटली आणली की आकडा जुळतो का ते बघा, आणि डॉक्टरांकडून फवाऱ्यांची संख्या बाटलीवरच मार्करनं लिहून घ्या. नवी बाटली आधी हवेत दाबून फवारा सुरू झाल्याची खात्री करा.

‘दोन वर्षं झाली, गोळ्या सोडा’ यात अर्धं खरं आहे. दोन वर्षांनंतर डॉक्टर गोळ्या कमी करण्याचा विचार करतात, पण तो महिनोन्‌महिने, पायरीपायरीनं. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत निदान दोन वर्षं फिट नसलेल्या लोकांना घेतलं होतं. हळूहळू गोळ्या बंद केलेल्यांपैकी 41 टक्क्यांना पुढच्या दोन वर्षांत फिट पुन्हा आली, चालू ठेवलेल्यांत 22 टक्क्यांना. सकाळी उठल्या उठल्या हातातला चहाचा कप उडतो असे झटके ज्या किशोरवयीनांना येतात, त्यांच्यात परत येण्याची शक्यता आणखी जास्त. एकदम बंद केल्यास एकामागून एक फिट येण्याचा धोका असतो. ब्राह्मी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, गोळीच्या जागी नको.

आपल्याकडे गोळी सुटते ती असं ठरवून कमी, सणासुदीतच जास्त. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघत रात्रभर राजवाड्याला उभं राहायचं, नवरात्रात निर्जळी उपास करायचा, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीत दुपारची गोळी खिशातच राहायची. जागरण आणि चुकलेला डोस एकत्र आले की फिटला निमित्तच मिळतं. उपासाला गोळी पाण्यासोबत घ्यावी, त्यानं व्रत मोडत नाही असं बहुतेक गुरुजीही सांगतील. पट्टीत सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणा. राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या. पुढच्या डोसची वेळ झाली असेल तर दोन एकदम घेऊ नका. महेश्वरच्या घाटावर मात्र गोळी वेळेवर घेतलेली असली तरी एकट्यानं उतरू नये. बुडणं सुडेपमध्ये मोजत नाहीत, पण अपस्मारात त्याचा धोका खूप मोठा असतो. घरीही बादलीतून मग्यानं, बसून, कडी न लावता अंघोळ बरी.

उरलं ‘सांगू नका’. 2017 च्या त्याच सूचना डॉक्टरांना हे पेशंटशी बोलायला सांगतात. लपवण्याची मोठी किंमत लग्न झालेल्या मुली मोजतात. सासरी कळू नये म्हणून गोळ्या पर्सच्या तळाशी, मग माहेरी येईपर्यंत त्या संपलेल्या. दिवस गेले की बाळाला इजा होईल या भीतीनं सगळ्याच बंद, खरं तर लॅमोट्रिजीनसारख्या औषधाची रक्तातली पातळी गरोदरपणात घटते आणि डोस वाढवावा लागतो. व्हॅल्प्रोएट ही फिटवरची गोळी बाळाला खरोखरच अपायकारक आहे, पण ती बदलायची दिवस राहण्याआधी, डॉक्टरांशी बोलून. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी 1999 मध्येच काढून टाकली आहे. पत्रिका जुळवताना हे सांगितलं, तर रात्री शेजारी झोपणाऱ्याला निदान एवढं माहीत असेल, की हिला कुशीवर वळवायचं आहे आणि घड्याळ बघायचं आहे.