एक स्पंज, दोन वाट्या आणि माझं तोंड

आज सकाळी पालकांच्या ग्रुपवर एक पीडीएफ येऊन आदळली. ‘लहान मुलांना घरी गुंतवून ठेवण्याच्या ५० सोप्या अ‍ॅक्टिव्हिटीज’. सोप्या! पहिल्याच पानावर सामानाची यादी. ग्लू गन, पाच रंगांची चमकी, फेल्टचे तुकडे, लॅमिनेट केलेली अक्षरं. प्रत्येकीखाली चौकट, ‘यातून मूल काय शिकेल’. आणि शेवटी ठळक अक्षरात, संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने फोटो टाका.

मी दात-ओठ खात एक अंगठा टाकला आणि फोन पालथा घातला. (तिथे भांडायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितेय. इथे सगळे आपलेच आहात.)

अहो, तीन वर्षांची पोरं आहेत ती! कापाकापी आपण करायची, चिकटवाचिकटवी आपण करायची, पोर चार मिनिटांत ‘झालं’ म्हणून उठून जाणार आणि चमकी पुढचे आठ दिवस आपण झाडत बसायची. यात गुंतून कोण राहिलं?

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. कामाचा फोन आला, लांबणार हे दिसत होतं, आणि लेक पायात घुटमळत होती. घाईघाईत जमिनीवर जुना टॉवेल टाकला, दोन वाट्या ठेवल्या, एकीत पाणी, आणि भांडी घासायचा नवा स्पंज दिला हातात. ‘हे पाणी त्या वाटीत ने,’ एवढंच म्हणाले आणि तिच्यासमोरच खुर्ची ओढून फोनवर बोलत बसले.

आधी तिने स्पंज एका बोटाने पाण्यात दाबला. बुडबुडे आले. परत दाबला. मग उचलला, खाली दुसरा हात धरून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. बोटांच्या टोकांनी पिळून बघितला, दोन थेंब पडले. मग तिचं तिलाच काय सुचलं कोण जाणे, दोन्ही मुठींत धरून असा आवळला की सगळं पाणी धो धो वाटीत. ती स्वतःच दचकली. मग ते सगळं पाणी परत पहिल्या वाटीत. आणि परत. पंचवीस मिनिटं! माझा फोन संपला तरी चालूच.

आणि मग मी माती खाल्ली. ‘अरे वा! किती छान! इकडे बघ, इकडे बघ!’ करत फोटो काढला. तिने वर बघितलं, कॅमेऱ्यासाठीचं ते दात दाखवून हसणं हसली आणि स्पंज खाली ठेवला. संपलं. ‘आई, आता टीव्ही?’

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. डिलीट करवत नाही, बघवतही नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. ओतणं, चमच्याने काढून ठेवणं, बटणं लावणं हीच लहान मुलांची खरी कामं, हे त्या सांगून गेल्या त्यालाही शंभरावर वर्षं झाली. आता त्यांच्या नावाने गुळगुळीत लाकडी खोकी विकायला येतात, आणि आपण ती घेतो. मीही घेतलंय एक. त्यात सध्या मोजे असतात.

मोज्यांवरून आठवलं. धुतलेल्या मोज्यांचा ढीग पुढ्यात टाका आणि जोड्या लावायला सांगा. चुकीच्या लागल्या तर लागू देत, घाला तसेच. कपडे वाळत घालायचे चिमटे द्या, ते खोक्याच्या कडेला ओळीने लावत बसू देत, बोटांना चांगला ताण पडतो. रात्री अंधार करून भिंतीवर टॉर्च मारा. हात टॉर्चजवळ नेला की राक्षस, भिंतीजवळ नेला की उंदीर. पीठ मळताना एक गोळा काढून द्या. साधाच द्या, टिकावा म्हणून भरपूर मीठ घातलेला नको, पोरं तो तोंडात घालतात आणि तेवढं मीठ अंगाला बाधतं.

इथे मी खडूस आहे, राग आला तर येऊ दे. पाण्याचा खेळ असेल तर मोठ्या माणसाने समोरून हलायचं नाही. दारावरची बेल वाजू दे. बोटभर खोल पाणीसुद्धा तान्ह्या-लहान मुलाला बुडायला पुरतं, आणि खेळ झाला की वाटी असो नाहीतर बादली, लगेच ओतून टाकायची. मणी, कडधान्यं तीन वर्षांच्या आतल्यांच्या हाती नको, नाकात जातात. त्या टॉर्चमध्ये बटणासारखे चपटे सेल असतील तर झाकणाला स्क्रू आहे का बघा, नसेल तर ती टॉर्च बाद. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. त्या पन्नास पानांत याबद्दल एक ओळ नव्हती. चमकीबद्दल तीन होत्या!

बरं, काहींच्या मुलांना चिकटवाचिकटवी मनापासून आवडते, काही आयांनाही. करा. आणि हो, मोबाईल मीही देते. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासाच्या वर स्क्रीन नको, जितका कमी तितकं बरं. माझ्याकडे त्या तासाचा हिशेब मागू नका.

पण परत त्या वाट्यांकडे येते, कारण डोक्यातून जात नाहीत. नंतर एकदा तिने तेच पाणी उंच ग्लासात ओतलं आणि छातीठोकपणे सांगितलं, ‘वाढलं.’ मी लगेच मास्तरीण. अगं नाही, तेवढंच आहे, बघ, परत ओत. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे कधीच लिहून ठेवलंय, साधारण सात वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना उंच भांड्यातलं पाणी जास्तच वाटतं. मग मला कसली घाई होती? स्पंजच्या वेळी कौतुकाने तोंड उघडलं, ग्लासच्या वेळी शिकवायला. दोन्ही वेळा माझंच.

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक. ज्या बाईंनी पीडीएफ टाकली त्याही दमलेल्याच असणार. कोणीतरी त्यांनाही पाठवली असेल, त्यांच्याही पायात कोणीतरी घुटमळत असेल.

आज सकाळी मी ती पन्नास पानं वाचत होते तेव्हा आमच्या छोट्या बाईंनी ओट्यावरचा डाव पळवला, रुमालात गुंडाळला आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. ‘तो झोपलाय.’ मग दिवसभर मधूनमधून झाकण किलकिलं करून बघणं चाललंय. यातून मूल काय शिकेल याची चौकट मला भरता येणार नाही.

ग्रुपवर आत्ताच आठवण आलीय, सात जणांचे फोटो बाकी. त्यात आम्ही. इकडे स्वयंपाकाची वेळ झालीय. हळूच खोकं उघडायला गेले तर मागून आवाज, ‘आई, तो उठेल ना!’

मोठ्या चमच्याने ढवळतेय.