स्माइल्सच्या माथी मारलेलं ‘ज्याचं त्यानं बघावं’

‘गरीब माणूस आळसामुळेच गरीब राहतो, सरकारनं मध्ये पडू नये, जो तो आपलं बघेल, हे सॅम्युअल स्माइल्सनं १८५९ मध्येच सांगून ठेवलंय. या एका पुस्तकानं तो रातोरात प्रसिद्ध झाला.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. ‘सेल्फ-हेल्प’ (म्हणजे स्वतःच स्वतःला मदत) हे या स्कॉटिश लेखकाचं पुस्तक खरं, सालही खरं. पुढची गाडी मात्र रुळावरून घसरलीय.

रातोरात? ‘सेल्फ-हेल्प’ आलं तेव्हा स्माइल्स ४६ वर्षांचा होता. एडिनबरात डॉक्टरकी शिकलेला, १८३८ पासून इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या ‘लीड्स टाइम्स’ या वृत्तपत्राचा संपादक, मग रेल्वे कंपनीत सेक्रेटरी. त्यानं लिहिलेलं रेल्वे इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सनचं चरित्र १८५७ मध्येच गाजलं होतं. ‘सेल्फ-हेल्प’च्या पहिल्या वर्षी २० हजार प्रती खपल्या त्या अशा माणसाच्या.

‘जो तो आपलं बघेल’ तर त्याहून विनोदी. हे पुस्तक मुळात लीड्सच्या कामकरी पोरांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून आलं. त्या पोरांतले दोन-तीन जण आधी हिवाळ्यात संध्याकाळी जमून एकमेकांना लिहा-वाचायला शिकवायचे. संख्या वाढून घरात मावेना तेव्हा त्यांनी एक कळकट खोली भाड्यानं घेतली. कॉलऱ्याच्या साथीत तिथे तात्पुरतं इस्पितळ होतं, म्हणून ती कुणी घेत नव्हतं! नावामुळे लोक याला स्वार्थाची आरती समजतात, हे स्माइल्सला पुढे कळलं. १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं लिहिलं, की पुस्तकात आहे ते नेमकं उलट.

सरकारचं म्हणाल, तर संपादक असताना तो मताधिकार वाढवण्यासाठी भांडत होता. सरकारनं शाळा चालवाव्यात, हेही त्याचं मत. १८७५ च्या ‘थ्रिफ्ट’ (काटकसर) या पुस्तकात ‘चाललंय ते चालू द्या’ म्हणणाऱ्यांची तो सालटी काढतो. अन्नात भेसळ कोण करतं? कुणीच नाही. घाण पाणी कोण पाजतं? कुणीच नाही. शहरात गटारं नाहीत, दोष कुणाचा? कुणाचाच नाही. हा ‘कुणीच नाही’ सगळ्या जगाहून जास्त नुकसान करतो, म्हणतो. त्याचे वडील १८३२ च्या कॉलऱ्यातच गेले होते आणि पोराबाळांचं मोठं कुटुंब आईनं दुकान चालवून सांभाळलं होतं.

आळसाचा मुद्दा मात्र हवेतून आलेला नाही. ‘थ्रिफ्ट’मध्येच चांगली मजुरी दारूत उडवणाऱ्या कामगारांवर तो इतकं तोंडसुख घेतो, की वाचताना वैताग येतो. अपयशी माणसांबद्दल का लिहीत नाही, या आक्षेपाला १८६६ मध्ये त्यानं दिलेलं उत्तरही लंगडंच: नुसत्या अपयशाच्या कहाण्या वाचून माणूस खचतो.