मूल कोणाच्या हाती द्यायचे?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेत मुले पालकांच्या हाती सोपवण्याचा सराव असतो. जपानीत त्याला हिकिवाताशी म्हणतात. १९२३ साली १ सप्टेंबरला कांतो प्रदेशात महाभूकंप झाला होता, म्हणून तो दिवस इथे आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो आणि त्याच्या आगेमागे तोक्योतल्या अनेक प्राथमिक शाळा हा सराव घेतात. मोठा भूकंप झाला आहे असे धरून मुले डोक्यावर कापूस भरलेली जाड टोपी ओढतात. एरवी हीच टोपी त्यांच्या खुर्चीवर उशीसारखी बांधलेली असते. आम्ही पालक वर्गाबाहेर रांगेत उभे राहतो. वर्गशिक्षिकेच्या हातात प्रत्येक मुलाचे एक कार्ड असते आणि त्या मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकते त्यांची नावे, नाते आणि फोन क्रमांक आम्ही एप्रिलमध्ये, म्हणजे इथले शालेय वर्ष सुरू होतानाच, त्यावर लिहून दिलेले असतात.

यंदा माझी पाळी आली तेव्हा बाईंनी माझे नाव आणि मुलीशी नाते विचारले. या बाई मला दोन वर्षांपासून ओळखतात. मी सांगितले ते त्यांनी कार्डावर बोट ठेवून ताडून पाहिले, मुलीला "या तुझ्या कोण?" असे विचारले, ती "आई" म्हणाल्यावर वेळ लिहिली आणि मगच तिला माझ्याकडे पाठवले. माझ्या मागे एक मराठी गृहस्थ उभे होते. मित्राला कामावरून निघायला उशीर होणार होता, म्हणून आपल्या मुलासोबत त्याच्याही मुलाला घरी नेण्याची त्यांनी तयारी दाखवली. दोन्ही मुले एकाच इमारतीत राहतात आणि रोज एकत्र खेळतात. पण त्या मुलाच्या कार्डावर या गृहस्थांचे नाव नव्हते, म्हणून बाईंनी हात जोडल्यासारखे वाकून नकार दिला. मुलाचे वडील तासाभराने धावत आले, तोवर तो वर्गातच बसून होता.

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा दुसरीत आहे आणि शाळेच्या व्हॅनने जातो. व्हॅनवाले काका आजारी पडले म्हणून त्या दिवशी त्यांचा पुतण्या गाडी घेऊन आला. पालकांना कोणी कळवले नव्हते. शाळेच्या फाटकावर कोणी काही विचारले नाही, मुलांनी गाडी ओळखली आणि ती बसली. सगळी सुखरूप घरी पोहोचली, पण ताई, माझे हातपाय गार पडले गं, असे ती म्हणत होती. पालकांच्या गटावर संध्याकाळभर वाद चालला. निम्म्या लोकांचे म्हणणे होते की काका ओळखीचे आहेत, उगाच बाऊ कशाला, तर उरलेल्यांना फाटकावर आणि व्हॅनमध्ये कॅमेरे हवे होते. त्या दिवशी मुलाला कोण न्यायला येणार हे शाळेला आधी लेखी कळवायला हवे होते, असे एकानेही सुचवले नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि संतापलेले पालक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हापासून मी हा वाद दुरून पण रोज वाचते आहे. त्यानंतर शासनाने कॅमेरे सक्तीचे केले, कर्मचाऱ्यांची चारित्र्य-पडताळणी सांगितली, तक्रारपेट्या आणि समित्यांची आठवण करून दिली. यातले बरेचसे आधीपासून कागदावर होते. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२चा आहे. ज्या शाळांना शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती लागू आहे, तिथे त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असे तो कायदा २००९पासून सांगतो. आपल्याकडे नियम कमी आहेत असे मला वाटत नाही. नियम काढला की काम झाले असे आपण धरतो आणि तो कोणी, कोणत्या दिवशी, कोणासमोर करून पाहायचा हे ठरवायचे राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा फेब्रुवारी २०२४चा निर्णयही असाच. मुलांच्या झोपेचा विचार त्यामागे होता आणि तो मला पूर्ण मान्य आहे, पण दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी आणि एकाच गाडीच्या चार फेऱ्या करणाऱ्या बसवाल्यांनी काय करायचे, हा प्रश्न निर्णयानंतर उभा राहिला.

अशा वेळी आपल्याकडे जपानचे उदाहरण देतात आणि ते नेहमी संस्कारांचे देतात. जपानी लोक जन्मजात शिस्तीचे आहेत, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला आता त्रास होतो. इथल्या शाळांचे नियम रक्तातून आलेले नाहीत. त्यांतले पुष्कळसे मुलांच्या मृत्यूनंतर लिहिले गेले आहेत. जून २००१मध्ये ओसाका प्रांतातल्या इकेदा येथील प्राथमिक शाळेत एक माणूस सुरी घेऊन शिरला आणि त्याने आठ मुलांना मारले. तोपर्यंत शाळेची दारे सताड उघडी ठेवण्याची रीत होती, ती त्यानंतर बदलली. आज मी पालक म्हणून दिलेली ओळखपट्टी गळ्यात अडकवल्याशिवाय आत जाऊ शकत नाही.

त्याहून मोठा धडा ईशान्य जपानमधल्या इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेचा आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप झाला. मुले मैदानात शिस्तीने रांगा लावून बसली आणि जवळजवळ पन्नास मिनिटे तिथेच राहिली. शाळेच्या मागेच टेकडी होती. त्सुनामी आली तेव्हा १०८ मुलांपैकी ७४ आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. पालक न्यायालयात गेले. शाळेच्या आपत्ती-पुस्तिकेत पुढचे आश्रयस्थान म्हणून जवळची मोकळी जागा किंवा उद्यान एवढेच मोघम लिहिले होते आणि प्रत्यक्षात ती जागा कोणती हे कधी ठरवलेच नव्हते, हे तिथे पुढे आले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये आधीच्या तयारीतल्या या हलगर्जीसाठी शाळेला आणि शिक्षण मंडळाला जबाबदार धरले आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला. त्या मुलांपाशी शिस्त होती, शाळेपाशी पुस्तिका होती, पण त्या पुस्तिकेतली जागा कोणी पायी जाऊन पाहिलेली नव्हती. माझ्या मुलीच्या बाई मला ओळखत असूनही नाव का विचारतात, हे मला ओकावाबद्दल वाचल्यावर कळले.

मोठ्या गोष्टींचे जे सूत्र, तेच इथे रोजच्या लहान गोष्टींतही दिसते. मुलगी पहिलीत गेली तेव्हा गणिताची एक पेटी मिळाली. तिच्यात रंगीत काड्या, चौकोनी ठोकळे, खोटी नाणी, फासे आणि पत्ते होते, आणि प्रत्येक वस्तूवर मुलाचे नाव लावून आणा अशी सूचना होती. प्रत्येक म्हणजे खरोखरच प्रत्येक. मी आणि माझे पती दोन रात्री जेवणानंतर बसून, चिमट्याने धरून, नखाएवढ्या चिठ्ठ्या एकेका काडीवर चिकटवत होतो. त्या वेळी मला ते अति वाटले. पण वर्षभरात माझी काडी कोणी घेतली म्हणून एकही भांडण घरी आले नाही, आणि वर्गात सापडलेली काडी बाईंना न सांगता मुलेच ज्याची त्याला देत होती. दर शुक्रवारी शाळेच्या आत घालायचे बूट धुवायला घरी येतात. ज्या आठवड्यात मुलीकडे जेवण वाढण्याची पाळी असते, त्या शुक्रवारी पांढरा अंगरखा आणि टोपीही येते. ती धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायची, कारण पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढणार असते.

जेवणाच्या बाबतीत आम्हाला अडचण आली. आम्ही शाकाहारी आहोत आणि इथल्या शाळेच्या जेवणात माशांचा अर्क जवळजवळ सगळ्यात असतो. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांचा लेखी दाखला घेऊन शाळा वेगळी व्यवस्था करते, पण आवडीने किंवा श्रद्धेने न खाणाऱ्यांसाठी आमच्या शाळेत तशी सोय नाही, म्हणून मुलगी बहुतेक दिवस घरचा डबा नेते. तिला पहिले काही महिने एकटे वाटले आणि मला ते अजून सलते. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक पदार्थातला प्रत्येक घटक लिहिलेला तक्ता घरी येतो, आम्ही त्यावर खुणा करून तो परत पाठवतो आणि बाई त्याची प्रत वर्गात ठेवतात. तोक्योजवळच्या चोफू शहरात डिसेंबर २०१२मध्ये दुधाची अ‍ॅलर्जी असलेली पाचवीतली मुलगी, दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या पदार्थात चीज होते म्हणून दगावली. आता आमच्या शाळेत अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पुन्हा वाढले जात नाही.

जपानी मुले स्वतः शाळा झाडतात, ही चित्रफीत आपल्याकडे वर्षातून चारदा फिरते आणि तिच्याखाली आपल्याही शाळांत हे सुरू करा असे लिहिलेले असते. मी साताऱ्याजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आहे. आम्ही दर शनिवारी वर्ग शेणाने सारवत होतो, त्यामुळे हे सुरू करायचे असे काही नवे नाही. पण सारवायला नेहमी मुलीच असायच्या, मुले बादल्या आणायची, आणि मुतारीवर पाणी मारायला गुरुजी ज्या दोन मुलांची नावे घ्यायचे ती मुले कोणत्या वस्तीतली होती हे आज मला नीट आठवते. आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती दिला जातो या प्रश्नाला जातीचा इतिहास आहे, आणि पालक चिडतात तेव्हा ते सगळेच लाडावलेल्या मुलांचे पालक नसतात. इथे भिंतीवर एक गोल तक्ता लावलेला असतो. तो दर आठवड्याला एक घर फिरतो. त्यावर सगळ्यांची नावे असतात आणि दुपारच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत बाईही फडके घेऊन वाकतात. तसा तक्ता लावण्याची आणि तो न चुकता फिरवण्याची तयारी नसेल, तर आपण मुलांच्या हाती झाडू देऊ नये असे मला वाटते.

इथले सगळे उचलावे असे मी म्हणत नाही. या व्यवस्थेचा भार प्रामुख्याने आयांवर आहे. सूचनापत्रावर पालक असे लिहिलेले असते, पण दुपारी दोनच्या सभेला तीस आया आणि दोन वडील येतात. सकाळी पावणेआठला पिवळा झेंडा घेऊन रस्ता ओलांडून देण्याची पाळी आली की मला कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागते. पालक-शिक्षक संघाचे सदस्यत्व ऐच्छिक असले तरी नाही म्हणणे अवघड जाते, आणि यावर जपानी आयाही आता उघडपणे बोलू लागल्या आहेत. शिवाय इथे प्राथमिकच्या वर्गात ३५पेक्षा अधिक मुले नसावीत असा कायदा आहे. साठ मुलांच्या वर्गाला सांभाळणाऱ्या आपल्या बाईंकडून साठ कार्डे रोज ताडून घ्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही वर्षातून एकदा ते करता येईल, आणि महाराष्ट्रात ते जूनमध्ये करावे असे मला कळकळीने वाटते, कारण आपल्या शाळा उघडतात आणि पाऊस येतो तो एकाच सुमारास. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या रात्री मुंबईतली कितीतरी मुले शाळांतच अडकून राहिली. फोन बंद होते. कोणाचे मूल कुठे आहे आणि कोणासोबत गेले आहे, हे सांगणारा कागद कोणाजवळ नव्हता. मी राहते त्या एदोगावा वॉर्डाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या वेळी समुद्रसपाटीच्या खाली असतो, आणि वॉर्डाने २०१९ साली घरोघर वाटलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर इथे थांबू नका असे मोठ्या अक्षरांत छापले होते. अशा जागी राहिल्यावर कार्डाची किंमत कळते. एक पुठ्ठ्याचा तुकडा, तीन नावे, आणि मजुरीवर जाणाऱ्या आईवडिलांचा रोज बुडणार नाही अशा वेळी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी, एक तास, एवढाच त्याचा खर्च आहे. व्हॅनवाल्या काकांचे नावही त्यावर असावे आणि त्यांच्या पुतण्याचेही असावे.

बहिणीला मी आमच्या कार्डाचा फोटो पाठवला. तिने तो छापून वर्गशिक्षिकेला दाखवला आणि बाईंनी पुढच्या पालकसभेत विषय घ्यायचे कबूल केले आहे. तिने मला एवढेच विचारले की तिसरे नाव कोणाचे लिहायचे, कारण सासूबाई गावी असतात आणि शेजारी भाडेकरू बदलत राहतात.

मलाही पहिल्या एप्रिलमध्ये तोच प्रश्न पडला होता. पहिली दोन नावे आमची होती आणि तिसरी ओळ मी चार दिवस कोरी ठेवली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सत्तरीतल्या आजींचे दार वाजवले. आमची ओळख तेव्हा लिफ्टमध्ये मान लववण्याइतकीच होती. त्यांनी कार्ड हातात घेतले, चष्मा लावला, स्वतःच्या अक्षरात नाव लिहिले आणि शाळेत जायचा रस्ता मला विचारून घेतला. पुढच्या रविवारी आजी माझ्या मुलीला सोबत घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, बावीस मिनिटे लागली, पाऊस असेल तर तीस धरा.