शाळेसाठी सोन्याचं नाणं घ्यायचंय? मग होनाचा हट्ट सोडा

इतिहासाच्या प्रदर्शनात सोन्याचं एक तरी अस्सल नाणं हवं, असं म्हणणाऱ्या शिक्षकांच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे. फोटोवरून मुलांची नजर सरकून जाते, खऱ्या नाण्यापाशी ती थांबतात आणि प्रश्न विचारतात. पण मागणी पहिली होते ती होनाची, म्हणजे शिवरायांच्या सोन्याच्या नाण्याची, आणि तिथेच फसवणुकीला वाट मिळते.

अस्सल होन साधारण पावणेतीन ग्रॅमचा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. तो इतका दुर्मीळ आहे की स्वस्तात मिळणं शक्यच नाही. तरी चोरबाजारात आणि व्हॉट्सॲपवर 'होन' हवे तितके! "शेतात हंडा सापडला, घाईत विकतोय" ही कथा ठरलेली. ती खोटी असेल तर पैसे बुडाले. खरी असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे असं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, परस्पर विकता येत नाही. शाळेने या भानगडीत का पडावं? मराठेशाही दाखवायला शिवराई हे तांब्याचं नाणं घ्या, ती आजही परवडते. फक्त शिवराई पेशवाईतही पाडली जात होती, तेव्हा पाटीवर सरसकट महाराजांचं नाव टाकू नका.

सोनंच हवं असेल तर माझी पहिली पसंती विजयनगरच्या अर्ध्या वराहाला. वराह म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. अर्ध्याचं वजन जेमतेम १.७ ग्रॅम, आकार शर्टाच्या बटणाएवढा. तिथल्या राजा देवरायाच्या नाण्यावर एकीकडे उमा-महेश्वर बसलेले आणि दुसरीकडे तीन ओळींत नागरी अक्षरं: श्री प्रताप देवराय. भिंग हातात दिलं की सहावीतलं मूल पंधराव्या शतकातलं हे नाव स्वतः वाचतं. हे सुख महागड्या मुघल मोहरेत नाही, कारण तिच्यावरची फारसी आपल्या मुलांना लागत नाही. बजेट आणखी कमी असेल तर केरळकडचं वीरराय पणम हे सोन्याचं चिमुकलं नाणं बघा. अर्ध्या ग्रॅमहूनही हलकं, हलक्या कसाचं, पण अस्सल जुनं.

आणि दागिन्यासाठी लावलेली कडी काढल्याचा डाग असलेली नाणी जरूर घ्या. संग्राहक ती नाकारतात म्हणून भाव उतरतो. शाळेला मात्र तो डाग हवाच, नाण्याचा दागिना कसा झाला ते त्यातूनच दिसतं.

मुंबईच्या शाळांनी १९१८ ची गिनी विसरू नये. त्या वर्षी फोर्टातल्या टांकसाळीत ब्रिटिश सॉव्हरिन, म्हणजेच आपल्याकडच्या भाषेत गिन्या, पाडल्या गेल्या. ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट. मागच्या बाजूला घोड्याखालच्या जमिनीवर 'आय' हे बारीक इंग्रजी अक्षर असतं, ती मुंबईची खूण. महाग आहे, पण माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली तर जमण्यासारखं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झवेरी बाजारात कॅरेट तपासून आणलं म्हणजे नाणं अस्सल ठरत नाही. तिथलं यंत्र सोन्याचा कस सांगतं, नाण्याचं वय नाही. गेल्या शतकात बैरूतमध्ये चक्क खऱ्या सोन्याच्या बनावट गिन्या पाडल्या गेल्या! म्हणून आधी वजन आणि व्यास कॅटलॉगशी ताडून बघा. मग भिंगाखाली कड बघा. ओतीव नकलेत कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि मऊ, बोथट अक्षरं दिसतात. नजर तयार व्हायला रिझर्व्ह बँकेचं फोर्टातलं नाणेसंग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दोन्ही मुंबईतच आहेत. खरेदीआधी तिथे निवांत वेळ घालवा.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, तेव्हा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. बिलावर राजाचं नाव, वजन आणि फोटो हवाच. नाणं घासून चकचकीत करू नका. काचेखाली आरसा ठेवलात तर दोन्ही बाजू दिसतात. प्रदर्शन संपलं की नाणं बँकेच्या लॉकरमध्ये, शाळेच्या कपाटात नाही.

कुणाच्या शाळेत अशी खरेदी ठरत असेल तर पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन आणि व्यास मला इनबॉक्समध्ये पाठवा. बघून नक्की कळवतो.