भिडूच्या जागी कॉम्प्युटर बसवू नका

आत्ताच मोबाईलवर पत्त्यांचा मेंढीकोट हरलोय आणि डोकं तापलंय. हरण्याचं काही नाही, खरं कसं हरलो ते बघा.

शेवटचे ३ हात (चौघांची एकेक पानं पडली की एक हात) राहिलेले. दोन्हीकडे ५-५ हात. आमच्या २ दश्श्या (दहाची पानं, सगळा खेळ त्यांच्यासाठीच), त्यांची १. बदाम दश्शी अजून पडायची होती. हुकूम, म्हणजे बाकी सगळ्यांवर भारी रंग, किल्वर. डावीकडच्याने बदाम राजाची उतारी केली, म्हणजे हाताचं पहिलं पान टाकलं, एक्का कधीचा गेलेला. माझ्याकडे बदाम नाही, म्हणून शेवटचा उरलेला हुकूम, किल्वर राणी, मारली. उजवीकडून बदाम नश्शी आली. राहिला समोरचा भिडू. त्याच्याकडे बदामाची दश्शी आणि तिर्री. हात आपला झालाय, वर कोण येणार नाही, अशा वेळी गल्लीतलं पोरसुद्धा दश्शी टाकतं. पडली तिर्री!

पुढचे दोन्ही हात त्यांचे. शेवटच्या हाताला चौकट राजावर आमची बदाम दश्शी गेली. दश्श्या २-२, म्हणून हात मोजायचे: त्यांचे ७, डाव त्यांचा.

भिडूला चार शब्द सुनवायला फोन लावला, तर लागेना. मग नीट बघितलं. त्याच्या नावापुढं छोटं चिन्ह आलेलं: नेट तुटलंय, त्याची पानं कॉम्प्युटर खेळतोय. तो बिचारा खानापूरकडच्या जांबोटीत. पाऊस, लाईट गेलेली, रेंज नाही. त्याला काय बोलणार? तो असता तर ती दश्शी हसत हसत टाकली असती.

पत्त्यांच्या बऱ्याच खेळांत भिडूचा हात होत असेल तर लहान पान देऊन मोठं राखून ठेवायचं, हे बरोबर. ह्या कॉम्प्युटरलाही तेवढंच शिकवलेलं दिसतंय. मेंढीकोटात मात्र दश्शी राखायची नसते, आपल्या हातावर वाढायची असते. १३ हातांत ४ दश्श्या, त्यातल्या ३ आल्या की डाव खिशात, चारही आल्या की कोट, म्हणजे मोठी जीत. हे ज्याला कळत नाही त्याला भिडूच्या जागी बसवायचंच कशाला?

ॲपवर हातात उतारीच्या रंगाचं पान असताना हुकूम मारता येत नाही, त्यामुळं भांडणं मिटली, हे मान्य. पुण्यातला, गोव्यातला आणि खानापूरचा एका डावात बसतो, हेही मान्य. म्हणून तिर्री माफ होत नाही.

तेव्हा मंडळी, आपल्या ग्रुपात खेळायचं तर अनोळखी टेबलावर बसू नका, खासगी रूम उघडा. वाटायच्या आधी हुकूम कसा लावायचा ते ठरवा. आपल्याकडं बरेच जण पहिल्यांदा उतारीचं पान नसलं की जे टाकेल तो हुकूम असं खेळतात, आणि काही ॲपमध्ये आधीच बंद हुकूम, म्हणजे पालथ्या ठेवलेल्या पानाचा हुकूम, लावलेला असतो. न बघता सुरू केलं की तिसऱ्या हातालाच वाद. पान टाकायची वेळ असेल तेवढी जास्त ठेवा. १५ सेकंदात म्हाताऱ्या माणसानं चष्मा शोधायचा की पान? आपोआप खेळायची सोय बंद करता येत असेल तर आधी ती करा. फोन आला, स्क्रीन काळी झाली, तरी वेळ सरली की कॉम्प्युटर पान टाकून मोकळा होतो. म्हणून डाव संपेपर्यंत कॉल बंद.

आणि एक. बाजूला फोन चालू ठेवून भिडूला पानं सांगणारे दोघे-तिघे आहेत, मला माहीत आहे. गणपतीत मांडवात बसल्यावर नुसती भुवई हलली तरी पानं फेकून उठणारी माणसं आपण. हे शोभत नाही. ज्याला बोलल्याशिवाय भिडूचं पान कळत नाही, त्यानं रमी खेळावी.

कोण तुटला तर तो डाव तिथंच मोडायचा आणि नव्यानं वाटायचं. आजचा धरू नका. उद्या रात्री ९ वाजता परत, जांबोटीत रेंज आली तरच. नाही आली तर परवा.